कुठलीबी फिट येते

आमच्या थोरल्या साडूंना इंग्रजीतला एकच शब्द येतो, आणि तेवढ्या एका शब्दावर त्यांनी पिंपळे गुरवपासून निघोज्यापर्यंतचा सगळा मुलूख जिंकलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘फिट’. लोक इंग्रजी यावं म्हणून क्लास लावतात, आरशासमोर उभं राहून पुटपुटतात, पोरांना न परवडणाऱ्या शाळांत घालतात. साडूंनी यातलं काहीही केलं नाही. तरुणपणी लातूरकडच्या गावातून आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन ते इथे आले. त्यावर ‘फिटर’ असं लिहिलेलं होतं. त्यातला ‘र’ त्यांनी कंपनीला दिला आणि उरलेला शब्द स्वतःकडे ठेवून घेतला. तब्येत कशी आहे? फिट. आमटी कशी झालीय? फिट. एखादी गोष्ट पटली की ती ‘डोक्यात फिट बसते’, कुणी कुणाला गोत्यात आणलं की ‘त्याला फिट केला’, आणि वरच्या मजल्यावरच्या नवरा-बायकोचं भांडण मिटून दोघं एका स्कूटरवर निघाले की साडू गॅलरीतून समाधानानं म्हणतात, “झाले फिट!” एकदा ते कुणाच्या तरी दहाव्याला जाऊन परस्पर माझ्याकडे आले. कसं काय झालं म्हणून मी हलक्या आवाजात विचारलं, तर म्हणाले, “माणूस मोठा हो. गर्दी फिट होती.”

माझा धंदा नेमका शब्दांचा, त्यामुळे आमचं जमणं कठीणच होतं. कासारवाडीतल्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासतो, म्हणजे मुख्यतः लग्नपत्रिका. ‘आशीर्वाद’ या शब्दाचा रफार लोक कुठे कुठे देतात हे पाहून माझे अर्धे केस गेले. असा मी, आणि माझ्यासमोर दर रविवारी हा एकशब्दी माणूस चहा प्यायला बसणार. एकदा मी हट्टानं छापखान्यातला जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश घरी आणला आणि त्यांच्यापुढे उघडला. वाटलं, या शब्दाचे दोन-तीन अर्थ निघतील आणि बाकीच्या ठिकाणी साडू चुकतात हे एकदाचं सिद्ध होईल. तर सबंध रकानाच त्या शब्दानं व्यापलेला! क्रियापद म्हणून बसवणे, जुळणे, जोगे असणे, मापाला येणे, विशेषण म्हणून योग्य, निरोगी, सज्ज. मी एकेक वाचत गेलो आणि साडू मांडीवर थाप मारत गेले. “बघा! म्हणजे मी कुठंच चुकलो न्हाई.” मग मी नाम म्हणून दिलेला अर्थ वाचला: झटका, आकडी. साडूंची थाप हवेतच राहिली. “आमच्याकडं आकडीला आकडीच म्हणतात,” ते म्हणाले, “त्यात आपला शब्द कशाला घालायचा?” आणि चहा तसाच टाकून उठले. मला वाटलं, उशीर झाला असेल.

पुढच्या रविवारी मी दुसरा डाव टाकला. म्हटलं, “साडूभाऊ, आपल्या मराठीत फिटणे म्हणजे सुटणे. संशय फिटतो, पांग फिटतात, डोळ्यांचं पारणं फिटतं, नेसलेलं धोतर फिटतं. तुम्ही म्हणता फिट म्हणजे घट्ट, आणि मराठी म्हणते मोकळं. आता बोला.” साडूंनी बिस्कीट चहात बुडवून नीट विचार केला. “मग मराठीचाच स्क्रू कुठंतरी ढिला असंल, साडूभाऊ,” ते म्हणाले. “बघतो एखाद्या रविवारी.”

ढिलं काही त्यांना बघवतच नाही. निघोज्याच्या अलीकडच्या एका कंपनीत ते गाड्यांना दारं बसवतात. आता तिथे बरंच काम यंत्रं करतात, पण दार शेवटी गाडीला नीट लागतंय का, हे बघायला माणसाचा हात लागतो आणि तो हात साडूंचा आहे. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीकडे मी आता दारापासून बघतो. नाशिक फाट्याच्या सिग्नलला एकदा आमच्या शेजारी त्यांच्या कंपनीची गाडी येऊन थांबली. साडू मोटारसायकलवरून वाकले, काचेवर टकटक केली आणि आतल्या अनोळखी गृहस्थाला म्हणाले, “साहेब, दार जरा उघडून परत लावता का?” बिचाऱ्याला वाटलं दारात काहीतरी अडकलंय. त्यानं दार उघडलं, लावलं. ‘थप्’ असा भरीव आवाज आला. साडूंनी डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “आपलंच हाय.” मागून हॉर्नचा कल्लोळ उठला होता. मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं, हे खरं. पण घरी आल्यावर बायकोला ती हकीकत सांगताना माझा आवाज चढला होता, हेही खरं.

घरातलं विचारूच नका. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ त्यांनी इतका फिट केलाय की तो उघडायला मेव्हणीबाई हातावर टॉवेल गुंडाळतात. लोणच्याच्या बरण्यांची झाकणं त्यांच्याशिवाय कुणाला निघत नाहीत, त्यामुळे त्यांची नाइट शिफ्ट असली की घर बिनलोणच्याचं जेवतं. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा पहाटेच येऊन त्यांनी बाथरूमच्या दाराला नवी कडी बसवली, आणि पूजेच्या वेळेला आम्हा दोघांचे सामाईक सासरे आत अडकले. सासरे आतून ओरडत होते, गुरुजी बाहेर खोळंबले होते, आणि साडू दारावर हात फिरवत मला म्हणत होते, “कामून घाबरायलाव? बघा तरी कशी बसलीय! हत्तीला बी उघडायची न्हाई.” शेवटी दार बिजागरीतून काढावं लागलं. ते साडूंनीच काढलं, आणि मग पुन्हा फिट केलं. ती कडी अजून आहे. सासऱ्यांनी मात्र त्यानंतर आमच्याकडे आंघोळ केलेली नाही.

या सगळ्या फिटिंगमध्ये एकच गोष्ट अशी होती, जी त्यांनी पुन्हा पुन्हा काढली आणि बसवली. मुलगी रेणुका बालवाडीत जायला लागली तेव्हा तिचं दप्तर तिला स्वतःला अडकवता यावं म्हणून दाराशेजारच्या भिंतीत, तिच्या हाताच्या उंचीवर, साडूंनी एक पितळी हुक बसवला. पुढच्या जूनमध्ये पोरगी वाढली, हुक चार बोटं वर गेला. दर जूनला हाच सोहळा. रेणुका भिंतीला टाचा लावून उभी राहणार, हात वर करणार, साडू पेन्सिलनं खूण करणार. जुनी भोकं तशीच राहिली आणि जमिनीपासून वर चढणारी त्यांची एक रांगच झाली. रेणुका डिप्लोमा करून चाकणला एका कंपनीत क्वालिटीत लागली, तेव्हा हुक साडूंच्या डोक्याच्या वर पोचला होता. “मी फिट करतो, ती पास करते,” असं ते येईल त्याला सांगायचे. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, त्यामुळे तिनं त्यांचं काही कधी पास केलं नव्हतं, पण बापाच्या अभिमानाला एवढ्या तपशिलाची गरज नसते.

त्या रेणुकाचं स्थळ मी आणलं. निघोज्यातलं जुनं शेतकरी घर. मुलाचे वडील थोरल्याच्या लग्नाची पत्रिका छापायला आमच्याकडे आले होते, तेव्हाची ओळख. रस्ते आणि कंपन्या आल्यावर त्यांनी बंगला बांधला, पण गोठा मोडला नाही, हे मला आवडलं होतं. मुलगा इंजिनिअर, अबोल आणि सरळ. पिंपळे गुरवला बघायला आले ते आई, वडील, मुलगा आणि आजी. आजींना थोडं कमी ऐकू यायचं, पण घरात शब्द त्यांचा. कांदेपोहे झाले, प्रश्न झाले, रेणुकानं मुलाला उलटे चार प्रश्न विचारले, तेही झालं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर पसंती दिसत होती. साडू आनंदानं नुसते इकडून तिकडे फिरत होते. मेव्हणीबाईंनी शेवटी मला आणि मुलाच्या आईवडिलांना गच्चीवर नेलं, तिथून नदी दिसते म्हणून. मुलगा आणि रेणुका गॅलरीत बोलत उभे राहिले. खोलीत उरले साडू आणि आजी. तेवढ्यात काय झालं ते आम्हाला नंतर जोडून जोडून कळलं.

आजींना नातसुनेला हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. त्यांनी विचारलं, “पोरीला बांगडी कंची येती वो?” साडू म्हणाले, “आमच्या पोरीला? कुठलीबी फिट येते!”

आजींना मधलं ‘कुठलीबी’ ऐकूच आलं नाही. ऐकू आलं ते ‘पोरीला फिट येते’ एवढंच. “फिट येती?”

“येते की!”

“कवापासून?”

“लहानपणापासून. हात लई मऊ.”

“आन मग तुमी काय करता?”

“काय करायचंय?” साडू उदार होऊन म्हणाले. “साबण लावायचा, हात असा दाबून धरायचा, झालं काम. रडत सुद्धा न्हाई पोरगी.”

“नुस्त्या साबनानं?” आजी म्हणाल्या. “आमच्याकडं कांदा हुंगवत्यात.”

आता बांगडी भरताना कांदा का हुंगवायचा, हा प्रश्न कुठल्याही माणसाला पडला असता. साडूंना वाटलं, असेल मावळाकडची रीत. ते म्हणाले, “कांदा बी चालतो.”

दोन दिवसांनी मुलाच्या वडिलांचा छापखान्यात मला फोन आला. आवाज पडलेला होता. “तुमी मानसं लाख मोलाची. लपवलं न्हाई, तोंडावर सांगितलं. पर फिटची पोरगी करायची म्हंजे मन धजत न्हाई बगा. राग मानू नका.” मी ‘कसली फिट’ असं विचारेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता.

मी तसाच साडूंकडे गेलो. त्यांना आठवेल ते सगळं बोलणं वदवून घेतलं आणि कांद्यापर्यंत आल्यावर मला उलगडा झाला. मी हसायला लागलो. पोट धरून हसलो, मेव्हणीबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. म्हटलं, “चला, आत्ताच फोन करून सांगतो, संशय फिटला म्हणून.” पण साडू हसत नव्हते. जमिनीकडे बघत बसले होते.

“माझ्या अक्काला आकडी यायची,” ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, त्यांना कडेवर घेऊन वाढवलेली. “लग्नाच्या वर्षातच आणून सोडली. दारात पेटी ठेवली अन् गेले. चहासुद्धा घेतला न्हाई. अक्का जन्मभर आमच्याकडंच राहिली. मला शाळेत तिनं घातलं, आयटीआयला जा म्हणून तीच मागं लागली. गावात कुणी तिला लग्नाकार्यात पुढं घ्यायचं न्हाई, मला मात्र हळदीला पहिलं बोट तिचंच लागलं होतं. मी हटूनच बसलो होतो.” “फोन नका करू. आपण जाऊ. मला एक विचारायचंय.”

काय विचारायचंय ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं. लग्न जुळवण्याच्या कामात इतकी वर्षं घालवलेला माणूस मी, निदान छपाईच्या अंगानं. हातात आलेलं चांगलं स्थळ प्रश्न विचारून घालवायचं नसतं. मोटारसायकलवर मागे बसून मी त्यांना सबंध रस्ताभर समजावत होतो. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि तेही अर्थातच फिट बसलेलं, त्यामुळे काही आत शिरलं असेल असं वाटत नाही.

निघोज्याला ओसरीवर बसलो. मी खुलासा केला. बांगडी म्हटल्यावर मुलाची आई हसली, साबण म्हटल्यावर वडील हसले, कांद्याला तर ते मांड्या आपटून हसले. “आरं द्येवा! आईला ऐकू येत न्हाई, आन आमी तिच्यावर इसंबलो. आता काई ऱ्हायलं न्हाई. पक्कं समजा, सुपारी फोडू.” मी साडूंच्या शर्टाची बाही मागून ओढली. उठा, असं माझं म्हणणं होतं.

साडू उठले नाहीत. त्यांनी हात जोडले. “सोयरे, पोरीला काही न्हाई, ती फिट हाय. पण एक सांगा. खरंच आकडी येत असती तर? किंवा उद्या, तुमच्या घरात आल्यावर, काही झालं तर? तर तुम्ही माझ्या पोरीची पेटी माझ्या दारात आणून ठेवणार का?”

हसू एकदम बंद झालं. गोठ्यातली गाय शेपटी हलवत होती, तेवढंच काय ते हलत होतं. मुलाचे वडील खाली बघायला लागले. मला वाटलं, गेलं. रेणुकाचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि साडूंचा इतका राग आला म्हणता! पण रागाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. या माणसाचा साडू आहोत याची छाती फुगवणारी जाणीव. इतकी वर्षं मी लोकांच्या पत्रिकांत ‘सोयरिक’ शब्दाच्या वेलांट्या दुरुस्त करत आलो. त्या शब्दाचं वजन असं उचलून धरलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

“काय म्हनत्यात ते?” कोपऱ्यातून आजींनी विचारलं. मुलाच्या आईनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सगळं सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि पोराकडे बघून फणकारल्या, “म्या काय म्हनले व्हते तुला? त्या दिशी घरी आल्या आल्या म्हनले, पोरगी गुनाची हाय, साबनानं भागतंय तर अडचन काय? ह्योच भित्रा!” मग साडूंकडे वळल्या. “आवं, म्या तर दोन वड्या आनून बी ठिवल्यात. त्या बगा, कोनाड्यात.”

आम्ही सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कोनाड्यात देवाच्या तसबिरीशेजारी साबणाच्या दोन कोऱ्या वड्या होत्या.

साडू उठले, आजींच्या समोर गेले आणि त्यांनी सरळ जमिनीवर डोकं टेकलं. मुलाचे वडील पुढे झाले, त्यांनी साडूंना उठवून मिठी मारली आणि म्हणाले, “चुकलं माझं. पेटी न्हाई यायची.” पिंपळे गुरवला दारात रेणुका उभी होती. बापानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “त्यालाही मी विचारलं फोनवर. तुम्ही तिथे विचारलंत तेच.” साडूंनी विचारलं, “मग?” रेणुकानं खांदे उडवले. “फिट आहे,” ती म्हणाली.

पत्रिका अर्थातच माझ्याकडे छापली. मुहूर्ताच्या पुढे ‘फिट’ लिहा, म्हणजे लोक वेळेवर येतील, असा साडूंचा आग्रह होता. तो मी मोडून काढला. ‘आमचे येथे’च्या वर मात्र त्यांनी अक्काचं नाव घालायला लावलं. स्वर्गवासी नाही, कैलासवासी नाही, नुसतं नाव, बोलावणाऱ्यांत पहिलं. पत्रिकेच्या शिष्टाचारात हे बसत नाही. मी तिथे लाल पेन्सिल टेकवली होती, पण फिरवली नाही. त्या पत्रिकेची एक प्रत मी छापखान्यात माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो.

लग्नाआधी घराला रंग दिला. रंगारी दाराशेजारची भोकं बुजवायला लुकण घेऊन आला, तर साडूंनी त्याचा हात धरला. “तेवढी राहू द्या. तिथं आमची पोरगी फिट होती.” रंगाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

पाठवणीच्या वेळी साडू रडले नाहीत. गाडी त्यांच्याच कंपनीची होती. त्यांनी रेणुकाला आत बसवलं, साडीचा काठ आत सारला आणि दार स्वतःच्या हातानं लावलं. ‘थप्’ असा आवाज आला. गाडी गेल्यावर ते मला म्हणाले, “तुमची मराठी बरोबर हाय, साडूभाऊ. फिटणं म्हणजे सुटणंच.” त्यांनी चूक मान्य केल्याचा मला त्या क्षणी जराही आनंद झाला नाही.

परवा रविवारी मी त्यांच्याकडे होतो, तेव्हा रेणुका कंपनीतून परस्पर आली होती. दारातून बोलतबोलतच आत शिरली, हात वर केला आणि न बघता पर्स हुकाला अडकवली. साडूंनी चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही सिग्नलवर दार वाजलं. संध्याकाळी निघोज्याच्या आजींसाठी लोणच्याची बरणी घेऊन ती गेली. जाताना बापाकडून झाकण सैल करून घ्यायला विसरली नाही. ती गेल्यावर साडूंनी कपाटातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, हुकाशी गेले आणि दोन्ही स्क्रू पिळून घट्ट केले. हुक काही ढिला झालेला नव्हता.